उपरण्याखालची फी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वामनतात्यांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीची सांगितलेली किंमत दिलेली नाही. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेला भाव म्हणजे त्यांच्या लेखी कंपनीची निव्वळ इच्छा. वीजबिल भरायला गेले तरी खिडकीतल्या माणसाला विचारतात, "बरं, शेवटचं किती घेनार?"

तात्यांची चाळीस वर्षं बैलबाजारात गेली. सायखेड्याहून निघायचं, घोटीपासून सटाण्यापर्यंतचे बाजार धरायचे आणि घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या मध्ये उभं राहून सौदा जुळवून द्यायचा. हा सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागत नाही. पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि तात्या नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आले. बाजार सुटला, उपरणं खांद्यावर राहिलं.

एकदा त्यांची दाढ काढायची होती. डॉक्टरांनी खुर्चीत आडवं करून, तोंड उघडायला लावून मग बाराशे रुपये सांगितले. तोंडात आरसा, बोलायची सोय नाही. तात्यांनी पडल्या पडल्या डॉक्टरांचा हात उपरण्याखाली घेतला आणि आठशेला दाढ काढून घरी आले. वर मला म्हणाले, "डाक्टर हुशार हाय, पन त्यानं बैलाचे दात कुठं बघितल्यात?"

"खोड काढल्याबिगर भाव उतरत नाय, बाई," हे त्यांचं ब्रीद. मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून मी बाई. मी नवी स्कूटर घेतली तेव्हा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, "मागून जराशी अधू वाटती." माझ्या नवऱ्याला पहिल्या भेटीत वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "मालक बरे हायेत, पन बसून खाल्लेले दिसत्यात." नवरा दुसऱ्या दिवसापासून सकाळी फिरायला जाऊ लागला. मी मात्र तात्यांबरोबर भाजी आणायला गेले की दहा पावलं मागून चालते. मला मेली कोथिंबिरीची जुडी दोन रुपयांनी कमी करून मागायचीही लाज वाटते.

घरात आता तात्या आणि त्यांची मुलगी अश्विनी, दोघंच. काकू अर्धांगाने अडीच वर्षं अंथरुणावर होत्या, मग गेल्या. त्यांचं सगळं अश्विनीने केलं. त्यानंतर पोरगी पुन्हा अभ्यासाला बसली, एमबीएची परीक्षा दिली आणि पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात तिचा नंबर लागला. दोन वर्षांची फी नऊ लाख. बँकेचं कर्ज मिळत होतं, पण तात्यांना ते पटेना. "कर्ज म्हंजे बैल आपला, पन कासरा दुसऱ्याच्या हातात," म्हणाले. गावाकडचे रस्त्यालगतचे दोन गुंठे विकून त्यांनी पैसे तयार ठेवले. म्हणजे पैशांचा प्रश्न नव्हता. नऊ लाख हा सांगितलेला भाव होता, हा प्रश्न होता.

"नऊ सांगत्यात म्हंजे साडेसहाला देनार," तात्या छातीठोकपणे म्हणाले.

"अहो, फी असते ती. ठरलेली असते."

"समदं ठरलेलंच असतंय, बाई. कुनी बोलंस्तवर."

कॉलेजची माणसं प्रवेशासाठी एक दिवस नाशिकला येऊन कॉलेज रोडवरच्या हॉटेलात बसणार होती. संध्याकाळी पाचपर्यंत पहिला हप्ता भरला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. आदल्या दिवशी अश्विनी माझ्याकडे आली. "मावशी, तुम्ही चला सोबत. तात्यांना आवरा. ही जागा गेली तर मी पुन्हा नाही बसणार परीक्षेला." तिचा चेहरा बघून मी शाळेत रजा टाकली.

हॉटेलच्या गार हॉलमध्ये टाय लावलेले एक तरुण साहेब संगणकापुढे बसले होते. तात्यांनी खुर्ची ओढली आणि थेट कामाला सुरुवात केली.

"कालेजाचं वय काय?"

"अठरा वर्षं झाली, काका."

"म्हंजे समदे दात आले. आता उतारच." तात्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "पोरं नोकरीला लागत्यात का?"

"नव्वद टक्के लागतात."

"मंग धा टक्के खाली बसत्यात. तेवढे कापा पयले."

साहेबांना वाटलं गंमत चाललीय. ते हसले. तात्यांनी हात पुढे केला, साहेबांनी तो सौजन्याने हातात घेतला, आणि तात्यांनी त्यावर उपरणं टाकलं. आत बोटं दाबली जाऊ लागली तसा साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मागे रांगेतले आईबाप माना उंचावून बघू लागले. अश्विनीने फरशीवरची नजर वर उचलली नाही. माझी अवस्था तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, अशी झाली होती. घड्याळात चार वाजून गेले होते.

साहेबांनी हळूच हात सोडवून घेतला. "काका, फी कमी होत नाही. एक सवलत आहे, पण ती निवडक मुलांना." मग खरोखर मदत करायची म्हणून त्यांनी संगणकात अश्विनीचा अर्ज उघडला. "मार्क चांगले आहेत. पण पदवीनंतर तीन वर्षांची गॅप आहे. नोकरी नाही, कोर्स नाही. तीन वर्षं नुसती वाया घालवली आहेत. इथे कमी पडते ती."

तात्यांचा हात तसाच राहिला.

"काय म्हनले?"

"गॅप, काका. रिकामी वर्षं."

तात्यांनी उपरणं झटकलं, घडी घालून खांद्यावर टाकलं. बंडीच्या खिशातून चेकबुक काढून माझ्यापुढे ठेवलं. "लिवा, बाई. त्यांनी सांगितलं तेवढं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. "तात्या, पूर्ण हप्ता?"

"पुरा." साहेब काहीतरी समजावून सांगायला लागले, तर तात्यांनी त्यांना हातानेच थांबवलं. "ऱ्हाऊ द्या, साहेब. भाव पाडायचा म्हंजे खोड काढनं आलं. चाळीस वर्सं मी लोकांच्या जनावरात खोडी काढल्या. ही पोर हाय माझी. अडीच लाखापायी तिच्यातच खोड काढून घ्यायची असंल, तर मला नको ते."

मी चेक लिहिला. माझं अक्षर शाळेत सगळ्यात चांगलं समजतात, त्या दिवशी ते वाकडं आलं.

अश्विनी पावती घ्यायला थांबली. आम्ही दोघं बाहेर पायऱ्यांवर उभे राहिलो. तात्या रस्त्याकडे बघत बोलायला लागले.

"ते रिकामं म्हनले ना बाई, त्या टायमाला बी तिचा नंबर लागला व्हता. ह्याच कालेजात. तिची आई पडून पंधरा दिस झाले व्हते. पोरीनं मोबाईल माझ्यापुढं धरला, म्हनली, तात्या, हे बघा. मी बघितलं. राहा म्हनलो नाय. पन जा बी म्हनलो नाय. मुकाट ऱ्हायलो. मला भीती वाटली, बाई. हिला मी एकटा कसा उचलू, कसं न्हाऊ घालू. पोरीनं मोबाईल ठिवला आन् आईचं अंथरून बदलाया घेतलं. पुन्हा कधी नाव काढलं नाय."

दहा पावलं मागून चालणाऱ्या मला त्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली.

कॉलेज सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आम्ही महामार्ग स्टँडवर अश्विनीला पोचवायला गेलो. बॅग चढवून झाली, कंडक्टर दार लावायची घाई करत होता. अश्विनी तात्यांपुढे उभी राहिली. "येते, तात्या."

निघणाऱ्याने 'येते' म्हणायचं आणि निरोप देणाऱ्याने 'ये', हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवावं लागत नाही. 'जा' हा शब्द त्या वेळी कुणी तोंडातून काढत नाही.

तात्या म्हणाले, "जा."

मी दचकले. "अहो तात्या, ये म्हणा!"

"नाय, बाई." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज भर बाजारात लावायचे तसा चढा लावला. "जा, पोरी. तवाच म्हनायला पायजे व्हतं. जा तू."

अश्विनी त्यांच्याकडे बघत राहिली. मग पाया पडायला वाकली ती, कंडक्टरने दोनदा हाक मारली तरी, उठलीच नाही.