मटकीचे अनधिकृत अंकुरण

प्राथमिक शिक्षकांनी विज्ञान नुसते वाचू नये, ते हातांनी करावे, असा उदात्त विचार वरिष्ठ पातळीवर निघाला आणि त्याचे पाच दिवसांचे प्रशिक्षण झाले. धाराशिवच्या एका सभागृहात, ऐन एप्रिलात, चाळीस शिक्षकांनी पहिल्या सकाळी ओल्या फडक्यांत मटकी बांधली. ज्याचे निरीक्षणपत्र निर्दोष ठरेल, त्याच्या शाळेला एक सूक्ष्मदर्शक मिळणार होता. सास्तूरकडच्या शिवकांताबाईंनी तो आणण्याचा शब्द चौथीच्या वर्गाला देऊन ठेवला होता, आणि वर्गाने त्याखाली पाहण्यासाठी एक मेलेली गांधीलमाशी काडेपेटीत राखून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फडके सोडले. मटकीला मोड आले होते. त्यांनी तसे लिहिले.

प्रशिक्षण देणारे सुलभक गौरीशंकर सर यांनी निरीक्षणपत्र वाचून चष्मा काढला. “बाई, मार्गदर्शिका, पृष्ठ सतरा. मोड चौथ्या दिवशी येतात.”

“सर, आपल्याकडं उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी येतात. घरी उसळीला अशीच बांधतो की.”

“ती घरची मटकी. ही प्रशिक्षणातली आहे.”

“हिला सेवापुस्तक न्हाय,” शेजारच्या मथुराबाई पुटपुटल्या, “म्हणून मोकाट सुटली.”

उरलेल्या एकोणचाळीस जणांनी फडकी न सोडताच ‘बदल नाही’ असे नोंदवले होते. त्यामुळे त्यांचे निरीक्षण अचूक ठरले. शिवकांताबाईंकडून अकाली अंकुरणाबाबत लेखी खुलासा मागवण्यात आला. त्रिसदस्यीय समितीने मटकीची समक्ष पाहणी करून निष्कर्ष काढला, की मोड आहेत हे नाकारता येत नाही, तथापि त्यांना अद्याप मान्यता नसल्याने चौथ्या दिवसापर्यंत ते नाहीत असे समजावे. मोडांनी मात्र हा आदेश जुमानला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना पाने फुटू लागली, तेव्हा सर्व चाळीस पुरचुंड्या गुपचूप बदलून नवी मटकी बांधण्यात आली.

चौथ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला आले. फडकी सुटली, चाळीसही ठिकाणी मोड.

“निसर्ग किती शिस्तबद्ध आहे,” साहेब गहिवरून म्हणाले.

“पत्र दुरुस्त करा बाई,” गौरीशंकर सर हळूच म्हणाले. “चाळिसावा सूक्ष्मदर्शक परत पाठवायचं माझ्या जिवावर येतंय.”

बाईंना चौथीचा वर्ग दिसला. त्यांनी खोडरबर मागितले.

सूक्ष्मदर्शक शाळेत पोचला. हर्षाली नावाच्या मुलीने घरून मटकी बांधून आणली, दुसऱ्या दिवशी तिचा मोड भिंगाखाली धरला, पाहिला, आणि पाहिले ते वहीत लिहिले. बाईंनी त्यावर, जरा अधिकच जोर देऊन, ‘बरोबर’ची खूण केली.

दुसऱ्या सकाळी तिचे वडील बब्रुवान वही घेऊन दारात उभे.

“बाई, छापील उत्तरात चौथा दिवस हाय. तुम्ही हिला बरोबर कसं दिलं?”

“तुमच्या घरी मोड कधी येतात?”

“दुसऱ्या दिवशी. पर ते खायला. परीक्षेत लिहायचं व्हय ते? पोरीचा मार्क गेला तर तुम्ही देणार का?”

बाईंनी खूण खोडेपर्यंत ते हलले नाहीत. मग मुलीकडून छापील उत्तर पाच वेळा लिहवून घेऊन बब्रुवान यांनी समाधानाने खाली पालकाची सही केली.

या गृहस्थांना हसण्यास वाचक मोकळा आहे. त्याने आपल्या पाल्याची वही मात्र आधी उघडावी, आणि पालकाच्या सहीपुढे कोणाचे नाव आहे, ते वाचून मग हसावे.