रविवारची इस्त्री

रविवारी दुपारी घरात कोणी नसले की साहेब इस्त्री करत. बायको इस्पितळात नर्स होती आणि रविवारी तिची दुपारची पाळी असे. मुलगी पोहायला जाई. घरातले हे एकच काम साहेबांनी आपणहून अंगावर घेतले होते आणि त्याबद्दल बायकोच्या मैत्रिणींत त्यांचे फार नाव होते. त्या बिचाऱ्यांना एवढेच माहीत नव्हते की इस्त्रीच्या टेबलावर, फुलदाणीला टेकवून, एक टॅब ठेवलेला असे आणि त्यावर सिनेमा चालू असे.

सिनेमा नेहमी एकाच जातीचा. वर्गात कोणातही न मिसळणारे, पंधरा-सोळा वर्षांचे एखादे पोर. उंचीच्या मानाने फार लांब हातांचे, नाहीतर बोलताना अडखळणारे, नाहीतर नुसतेच गप्प. ते डबा एकटे खाते, शाळेच्या सहलीत ड्रायव्हरशेजारी बसते. मग कुठून तरी त्याला तसलेच आणखी एक ध्यान भेटते आणि बघता बघता दोघांचे जग उजळते. शेवटी साहेब नाक ओढत आणि इस्त्रीची वाफ सोडत. वाफेत सगळे खपून जाते.

साहेब वजनमापे निरीक्षक होते. दुकानांतले तराजू तपासायचे, पेट्रोल पंपावरचे माप पाहायचे आणि खोट सापडली की दंड ठोकायचा, हे त्यांचे काम. बाजारात त्यांना पाठीमागे 'काटा' म्हणत. त्यांना चहा पाजायला सगळा बाजार तयार होता, पण त्यांच्याबरोबर चहा प्यावा असे कोणालाच वाटत नसे. त्याची त्यांना लहानपणापासून सवय होती. वडिलांच्या बदल्यांपायी त्यांनी बऱ्याच शाळा पाहिल्या होत्या, आणि प्रत्येक शाळेत ते मधल्या सुट्टीत डबा घेऊन उभे राहिले की बाकावरची मुले आपापली दप्तरे जरा ऐसपैस करून ठेवत.

म्हणून तो बँडवाला सिनेमा त्यांचा सगळ्यात लाडका. त्यातला मुलगा शाळेच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा ढोल वाजवतो आणि जेवणघरात ताट घेऊन जागा शोधत फिरतो. एक दिवस एक मुलगी काही न बोलता शेजारच्या खुर्चीवरचे आपले दप्तर उचलून मांडीवर घेते. बस्, एवढेच. साहेबांनी हा प्रसंग इतक्या वेळा पाहिला होता की त्यापायी एका शर्टाची कॉलर जळली होती.

आता एक बारीकशी लबाडी त्यांच्या हातून होत असे. सिनेमांच्या खात्यात घरातल्या प्रत्येकाचा वेगळा कप्पा होता. साहेबांच्या कप्प्यात युद्धपट आणि बातम्या. हे सिनेमे ते मुलीच्या कप्प्यात बघत. मुलीच्या वयाचे सिनेमे मुलीच्या नावावर, यात वावगे काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. शिवाय घरात तपासणीला कोण येतो?

तपासणी आली. पालकसभेत वर्गशिक्षिकेने बजावले की मुले काय बघतात त्यावर लक्ष ठेवा. बायकोने घरी येऊन मुलीचा कप्पा उघडला आणि ती मटकन खाली बसली. एकटी मुले, रडकी मुले, बाथरूममध्ये बसून डबा खाणारी मुले. तिने ताबडतोब आपल्या धाकट्या भावाला बोलावले.

हा मामा मोटार शिकवण्याची शाळा चालवत असे आणि जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला देत असे. त्याने एकदा साहेबांनाही मोटार शिकवायला घेतली होती. त्या प्रयत्नात एक कुंपण पडले, दोघांच्या तोंडून नको ते शब्द गेले, आणि तेव्हापासून मेहुण्या-मेहुण्यांचे बोलणे "काय, बरं आहे ना?" आणि "बरं आहे" यापुढे सरकले नव्हते. बहिणीने सिनेमांची नावे वाचून दाखवताच मामा गंभीर झाला.

"ताई, पोरगी आतून एकटी आहे," तो म्हणाला. "हे सिनेमे उगाच कोणी बघत नाही. बरंच साठलेलं असतं मनात."

झाले. दुसऱ्या दिवसापासून घरात उपचार सुरू झाले. गणिताची शिकवणी बंद झाली, कारण पोरीवर ताण नको. जेवताना "आज कोणाशी बोललीस?" असे मऊ आवाजात विचारले जाऊ लागले. मामा तिला मोटारीतून फिरवून आणू लागला आणि वाटेत आयुष्यावर बोलू लागला. या सगळ्यात साहेब अर्ध्या जेवणावरूनच उठू लागले. पन्नास ग्रॅमसाठी लोकांना दंड करणारा माणूस, आणि त्याच्या मापातल्या खोटीची शिक्षा लेकीला. पण कबूल करायचे म्हणजे बायकोसमोर, आणि बायकोला कळले की मामाला कळणार, आणि मामाला कळले की मोटार शिकणाऱ्या प्रत्येकाला कळणार. काटा रडतो, ही बातमी बाजारात गेली तर उद्या कोण भिईल?

तशात बायकोने त्यांनाच लेकीशी बोलायला पाठवले. साहेब तिच्या खोलीत गेले, पलंगाच्या कडेला टेकले आणि चादरीच्या सुरकुत्या सरळ करू लागले.

"बाळ, ते सिनेमे..."

"तुम्ही बघता. माहीत आहे मला," मुलगी पुस्तकातून डोके न काढता म्हणाली. "माझ्या कप्प्यात 'पुढे बघा' म्हणून येतं ना ते."

साहेबांचे हात चादरीवरच थांबले. "मग आईला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रविवारी संध्याकाळी फार छान असता, बाबा. मी सगळ्या परवानग्या रविवारीच मागते." तिने पान उलटले. "सहलीची, पोहण्याची, केस कापायची. तुमचं बघणं बंद झालं तर मी काय करू? आणि शिकवणी पण बंद झालीय. राहू दे ना थोडे दिवस."

साहेब चादरीची शेवटची सुरकुती सरळ करून उठले. आपल्या पाठीमागे कोणी आपले इतके सांभाळून घेतले असेल, असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. कबुली मात्र तशीच राहिली.

इकडे बायकोने शेवटचा उपाय काढला. शनिवारी दुपारी मुलीच्या वर्गातल्या मुलींना घरी बोलवायचे, खाऊ द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून तो बँडवाला सिनेमा बघायचा. म्हणजे पोरगी मोकळी होईल. कोणी आलेच नाही तर काय, या धास्तीने तिने केक लहानच आणला. आधाराला मामाला बोलावून ठेवले.

आल्या त्या इतक्या की चपला जिन्यापर्यंत गेल्या. मुलीच्या गळ्यात पडणाऱ्या, तिच्या कपाटातून न विचारता कपडे काढणाऱ्या, एकाच वेळी बोलणाऱ्या. केक पहिल्या फेरीतच संपला. बायको सरबताचे तबक हातात घेऊन बघतच राहिली. हिला एवढ्या मैत्रिणी? मग एकटे कोण होते?

खिडक्यांचे पडदे ओढले, सिनेमा सुरू झाला. साहेब सोफ्यामागे उभे राहिले; बसायला जागाच नव्हती. त्यांनी ठरवले होते की पडद्याकडे बघायचे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. पण कानांचे काय करणार? जेवणघराची घंटा वाजली आणि साहेबांच्या तोंडून हुंदका फुटला, चांगला मोठा.

सगळ्या माना वळल्या. पडद्यावर मुलगा नुसता हात धूत होता.

बायकोने नोकरीत हजारो माणसांना इंजेक्शने दिली होती. सुई लागायच्या आधी कोण ओरडतो, हे तिला चांगले ठाऊक होते. ज्याने ती आधी घेतलेली असते तो.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "अजून तर काहीच झालं नाही."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात खिडकीजवळून दुसरा हुंदका आला. पडद्याच्या कापडात तोंड खुपसून मामा उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

"मुलगा हात धुतोय, मामा," मुलगी म्हणाली.

"आता ताट घेईल," मामा कापडातूनच म्हणाला. "आणि मग कोणी जागा देणार नाही त्याला."

"देते," साहेब म्हणाले. "ती देते ना."

सिनेमातल्या मुलीने दप्तर उचलले आणि मग सगळी खोलीच रडली, त्यामुळे कोणी कोणाला हसायला उरले नाही. बायकोनेही तबक खाली ठेवून डोळे पुसले. पाहुण्या गेल्यावर पेले गोळा करताना तिने विचारले, "कधीपासून?"

"शर्टांना कडक इस्त्री होऊ लागली तेव्हापासून," साहेब म्हणाले.

ती हसली नाही. पेले तसेच ठेवून ती त्यांच्याजवळ येऊन बसली आणि बराच वेळ बसली. साहेबांना वाटले, हे सिनेमे ज्यांनी कोणी काढले त्यांचे, या घरातल्या दोघींचे, झालेच तर त्या वर्गशिक्षिकेचेही उपकार कसे फेडायचे? सोमवारपासून गणिताची शिकवणी पुन्हा सुरू झाली, तेव्हा मुलीचे मत अर्थातच वेगळे होते.

पुढच्या रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात मामा, हातात चुरगळलेल्या शर्टांची पिशवी.

"काय, बरं आहे ना?" तो म्हणाला. मग थोडे थांबून, "भाऊजी, आमच्याकडची इस्त्री बिघडलीय."

मामाच्या अंगावरचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. साहेबांच्या नजरेतून अशी खोट कधी सुटली नव्हती; ही त्यांनी पहिल्यांदाच सोडून दिली. ते आत वळले. टेबलाशेजारच्या खुर्चीवर घड्या घातलेल्या कपड्यांचा ढीग होता. काही न बोलता त्यांनी तो उचलला आणि आपल्या बाजूला घेतला.

मामा बसला. साहेबांनी टॅब थोडा त्याच्याकडे वळवला, आणि जेवणघराची घंटा वाजायच्या आधीच ताज्या इस्त्रीचे दोन रुमाल काढून ठेवले.