आमची गेलेली चव

एखादं काम अंगावर घेतलं की मी त्यात फट म्हणून ठेवत नाही! हे मी म्हणत नाही, आमच्या विद्यापीठाचा अख्खा वाणिज्य विभाग म्हणतो. म्हणजे मी म्हणतो आणि विभाग मान हलवतो.

म्हणूनच कोरोनाची दुसरी लाट आली आणि हैदराबादेत भाड्याच्या खोल्यांमधून अडकलेली आमची पोरं पटापट आजारी पडायला लागली, तेव्हा कुलगुरू मॅडमनी 'आधार कक्ष' माझ्या गळ्यात घातला. योजना माझीच. आजारी पडलेल्याने, मग तो विद्यार्थी असो की प्राध्यापक, फक्त एक फोन करायचा. पुढचं आम्ही बघणार! स्वयंसेवकांची विचारपूस, डॉक्टरांचा सल्ला आणि दोन वेळचा डबा.

डबा करायची आमचीच एक विद्यार्थिनी, करीमनगरची स्रवंती. टाळेबंदीत घरी जाता येईना, तेव्हा तिने विद्यापीठाचं बंद पडलेलं कँटीन मागितलं. विद्यापीठाने जागा दिली, गॅस दिला, भांडी दिली आणि तिला 'नवउद्योजक' म्हणून जाहीर केलं. आजाऱ्याला जेवण आणि पोरीला धंदा!

"मॅडम," मी ऑनलाइन सभेत छाती फुगवून म्हणालो, "या व्यवस्थेच्या तावडीतून एकही आजारी माणूस सुटणार नाही!"

आजारी माणसाचं राहू द्या. धडधाकट माणूससुद्धा सुटत नाही, हे मला लवकरच कळणार होतं.

त्याचं झालं असं. कक्षप्रमुख या नात्याने रोजच्या डब्याचा फोटो माझ्या मोबाइलवर यायचा. इकडे आमच्या चिक्कडपल्लीच्या घरी माझी साखर वाढल्याचं निमित्त करून सुलभाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, स्वयंपाकघरात आणीबाणी जाहीर केलेली. सोमवारी दुधी, मंगळवारी दोडका, बुधवारी कारलं आणि गुरुवारी बुधवारचं उरलेलं कारलं! अशाच एका गुरुवारी ताटातलं कारलं माझ्याकडे बघत होतं, मी कारल्याकडे बघत होतो, आणि फोटो आला. खड्या मसाल्यांचा बगारा भात. वर तेलाचा तवंग मिरवणारं मिरचीचं सालन!

मी लगेच स्रवंतीला फोन लावला. "काय गं, तपासणीसाठी म्हणून एखादा डबा माझ्याकडे पाठवत जा की."

"सॉरी सर," ती म्हणाली. मराठी शेजाऱ्यांत वाढल्यामुळे ती माझ्याशी मराठीतच बोलते. "डबे मोजकेच होतात. पेशंटलाच पुरत नाहीत."

पेशंटलाच ना? ठीक आहे!

मी आधार कक्षाला फोन केला. पलीकडे मानसी होती. आईवडील पुण्याहून इथे आयटीत आलेले, पोरगी हुशार, मराठी मात्र जेमतेम.

"सर! तुम्हाला पण?" ती दचकलीच.

"थोडी कणकण आहे," मी खोल आवाजात म्हणालो. "घरी सांगायचं नाही हं. सुलभा घाबरते."

डबा आला. मी तो तळमजल्याच्या पार्किंगमध्येच गाठला, स्कूटरच्या सीटवर मांडला, झाकण उघडलं... आत पातळ खिचडी! सोबत सुंठीचा काढा! मग आठवलं, तापकऱ्याला पथ्याचा डबा द्यायचा हा नियम मीच मंजूर केला होता. पण त्याच्या पुढचा नियमही माझाच होता. ज्यांच्या तोंडाची चव गेली आहे त्यांना चमचमीत द्यावं, म्हणजे चार घास पोटात जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी चव गेली.

आणि दुपारी सालन आलं! काय सांगू तुम्हाला! दाण्या-तिळाचं ते वाटण, चिंचेचा तो आंबटपणा! स्कूटरच्या सीटवर बसून मी डबा असा चाटूनपुसून साफ केला की मांजरालासुद्धा शरम वाटावी. मला वाटली नाही. शरम जरा उशिरा यायची होती, वरच्या मजल्यावर.

डबा पोचला की तासाभरात पेशंटला फोन करायचा आणि त्याने उचलला नाही तर घरच्यांना गाठायचं, हीसुद्धा माझीच शिस्त. माझे दोन्ही हात सालनात, मोबाइल खिशात कोकलतोय! मानसीने थेट सुलभाला फोन लावला.

"काकू, सरांची टेस्ट गेलीय ना, आता कसे आहेत?"

"टेस्ट? त्यांना होती कधी?" सुलभा हसत म्हणाली. मग मानसीने सगळं नीट सांगितलं आणि सुलभाचं हसणं थांबलं.

मी तृप्त ढेकर देत जिना चढलो, तर दारात सुलभा. तोंडावर एकावर एक दोन मास्क. हातात काठीसारखा धरलेला झाडू.

"तिथेच थांबा! कशाला हात लावू नका! सरळ पुस्तकांच्या खोलीत जा!"

"अगं, ऐक तर..."

"माझ्यापासून लपवलंत?" तिचा आवाज चिरकला. "कारलं नको म्हणालात तेव्हा मी रागावले तुमच्यावर. तोंडाला चव नाही म्हणून जेवत नव्हतात, होय ना?"

मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, आणि ते भरून आले होते. आणि इथे ती शरम आली. तेव्हाच सांगायला हवं होतं! पण मी खोलीत शिरताच बाहेरून कडी लागली आणि मागोमाग आमची व्यवस्था माझ्यावर तुटून पडली. डॉक्टरांचा फोन आला, "उद्या तपासणीला माणूस पाठवतो." मन रमवायला एका स्वयंसेवकाने बासरी वाजवून दाखवली. ती ऐकून मात्र मला खरोखर ताप येईल असं वाटलं. खालच्या मजल्यावरच्या अप्पारावांनी दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले आणि घाबरू नका असं तेलुगूत ओरडून म्हणाले, "भयपडकंडी, प्रोफेसर गारू! मी हाय!"

संध्याकाळी ऑनलाइन सभा. मी खोलीत कोंडलेला, पण मोबाइल हातात. पडद्यावर सगळा प्राध्यापकवर्ग, सगळे स्वयंसेवक.

"देऊळगावकर सरांकडे बघा," कुलगुरू मॅडम गहिवरून म्हणाल्या. "स्वतः आजारी असून कामावर हजर!"

टाळ्या! मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मग स्रवंती बोलली. "मॅडम, आज चव गेलेल्यांसाठीचा एक डबा कमी पडला. त्यात सरांचा नवीन होता ना. नामपल्लीच्या साजिदला दुपारी काहीच देता आलं नाही. खोलीत एकटाच असतो तो. नंतर माझ्या जेवणातलं अर्धं पाठवलं. पण सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आधी बरे व्हा."

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम," मी म्हणालो, "मला काहीही झालेलं नाही. मला सालन खायचं होतं."

पडद्यावर सगळे पुतळ्यासारखे थिजले. मला वाटलं, धक्क्याने. पण नाही, नेटवर्क!

"सर, आवाज तुटतोय," मॅडम काळजीने म्हणाल्या. "धाप लागलीय का? पुन्हा सांगा. काय हवं होतं?"

"सालन!"

"सलाइन? अरे, कुणीतरी सलाइनची सोय करा!"

"सलाइन नाही हो! सालन! मिरचीचं सालन!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "मी ठणठणीत आहे! खोटं बोललो! साजिदचा डबा मी खाल्ला!"

हे मात्र नेटवर्कने अगदी स्पष्ट पोचवलं. दाराच्या पलीकडेही पोचलं. कडी हळूच निघाली आणि सुलभाची पावलं स्वयंपाकघरात गेली. त्या संध्याकाळी मला कारलंसुद्धा मिळालं नाही.

इकडे पडद्यावर मॅडम म्हणाल्या, "स्रवंती, डबे पोचवायला माणूस कमी आहे म्हणत होतीस ना? सर ठणठणीत आहेत."

दुसऱ्या दिवसापासून माझी स्कूटर कामाला लागली. पहिलाच पत्ता नामपल्ली, स्टेशनामागची गल्ली, तिसरा मजला. मी डबा दारापाशी ठेवला, लांब उभा राहिलो आणि हाक मारली. बंद दाराआडून खोकला आला आणि मग आवाज.

"कौन? देऊळगावकर सर? आप तो बीमार थे ना! बीमारी में उठ के मेरे कू डब्बा लाए?"

तापामुळे पोरगं कालच्या सभेत नव्हतं. नुसतं 'हौ', म्हणजे हो, म्हटलं असतं तरी भागलं असतं. हैदराबादेत त्याहून सोपा शब्द नाही! पण तो काही मी म्हटला नाही. त्या बंद दाराला मी सगळं सांगितलं. शेकडो लोकांसमोर ओरडून सांगणं परवडलं, पण त्या एकट्या दारासमोर हळू आवाजात सांगताना माझे कान तापले.

आतून खोकला. मग, "सर, कैसा था सालन?"

"...अच्छा था, बेटा."

"मेरे कू तो कुछ समझ में इच नै आरा. मुंह का मजा पूरा चले गया," साजिद म्हणाला. "आज डब्बे में क्या है? आप बोलो, मैं वैसा समझ के खातूं."

मी डब्याकडे पाहिलं. स्रवंतीने झाकणावर चिकटपट्टीचे आडवे-उभे असे वेढे मारले होते की बँकेच्या तिजोरीने लाजावं.

"मालूम नै, बेटा," मी म्हणालो. "मेरे कू आजकल बताते इच नै."