कोबी, नळ आणि सोळा घोंगड्या

सामोकोव्ह या थंड डोंगराळ गावातल्या अकरा नंबर इमारतीत जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तळघराची खिडकी उघडी आढळली. बाब गंभीर होती. पाण्याचा मुख्य नळ तळघरातूनच वर जातो. तो गोठला की सोळाही घरं कोरडी. त्यात इमारतीचा कारभारी रंगेल याची लेक बिल्याना चाळीस दिवसांचं बाळ घेऊन रविवारी पहिल्यांदाच माहेरी येणार होती. नातवाच्या आंघोळीला पाणी नाही, हे सांगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं रंगेलला वाटत होतं.

त्याने खिडकी लावली आणि दारावर सूचना डकवली: 'खिडकी बंद ठेवणे सर्व रहिवाशांवर बंधनकारक आहे.' दुपारी खिडकी पुन्हा सताड उघडी. सूचनेखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'कोबी मऊ पडते.'

तळघरात सोळा पिंपं होती आणि प्रत्येकात हिवाळाभराची आंबवलेली कोबी. तिला गारवा लागतो.

"नळ गोठला तर प्लंबर येतो रे बाबा," तिसऱ्या मजल्यावरच्या गीनामावशी म्हणाल्या. "कोबी बिघडली तर कोण येतं?"

सभा भरली, उपसमिती नेमली गेली. निवृत्त इंजिनिअर मेतोदी यांनी अहवाल दिला की तळघराचं तापमान शून्याच्या एक अंश वर ठेवावं, त्यासाठी खिडकी पाच बोटं उघडी असावी. बोटं कुणाची, यावर दीड तास चर्चा झाली. हवामानाला मात्र ठरावाची प्रत कुणी पाठवली नाही. गुरुवारी पारा उणे चोवीसवर उतरला.

आता खिडकी बंद करायला कुणाचीच हरकत नव्हती. मेतोदींच्या सल्ल्याने प्रत्येक घराने एकेक लोकरी घोंगडी दिली आणि नळ नखशिखांत गुंडाळला गेला. ती एकजूट पाहून रंगेलचा ऊर भरून आला.

शुक्रवारी दुपारी गीनामावशी जिन्यात सहज बोलून गेल्या, "एवढ्या थंडीत पिंपातली कोबीसुद्धा गोठते हो!"

रंगेल लगेच खाली गेला, फक्त बघायला. नळावर सोळा घोंगड्या, त्याचं पिंप उघडंबोडकं. पंधरा घोंगड्या नळाला रग्गड झाल्या, असा हिशेब त्याने केला. शिवाय घोंगडी त्याचीच होती.

शनिवारी सकाळी नळ फुटला. तळघरात सोळा पिंपं घोंगड्या पांघरून बसली होती.

"बाबा, पाणी नाही तर नाही येत आम्ही," बिल्याना फोनवर म्हणाली. "बाळाला आणखी मोठं होऊ दे." रंगेलला रडू आलं.

रविवारी चौकशीसभा झाली. अध्यक्ष रंगेल. त्याने घसा खाकरला. "ज्यांनी घोंगडी काढली नाही, त्यांनी हात वर करा."

सोळा हात वर गेले. सगळ्यांत आधी अध्यक्षांचा.

आणि वाचकहो, तुम्ही तर अकरा नंबरात राहतही नाही. तरी वाचता वाचता तुमचाही हात वर गेलाच ना?