न सापडलेली दोरी

छताला दुसरा हात मारताना रंगाऱ्याच्या उजव्या खांद्यात अशी कळ आली, की ब्रश सुटून थेट घरमालकिणीच्या नव्या सोफ्यावर पडला. बाईंनी आधी सोफा पुसला, मग त्याला दवाखान्यात धाडलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने सोनोग्राफीचं यंत्र खांद्यावर बराच वेळ फिरवलं. "दंडाचा स्नायू खांद्याला बांधणारी एक दोरी असते. ती सापडत नाहीये. तुटलेली दिसते. ऑपरेशन लागेल बहुतेक. उद्या मोठ्या मॅडमना दाखवा."

बातमी घरी पोचेपर्यंत बायकोच्या तोंडी हात निखळायलाच आला होता. संध्याकाळी तिचा भाऊ भेटायला आला. तोही रंगारीच. रंगाऱ्याने हातातली दोन्ही कामं त्याला देऊन टाकली.

"दाजी, शिडीपण नेऊ का?" मेव्हण्याने हळूच विचारलं. "तुम्हाला आता कशाला?"

रंगाऱ्याने कोपऱ्यातल्या शिडीकडे बोट केलं. वीस वर्षांत एकच काम शिकलेला, आणि तेही हात वर करूनच करायचं.

दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर आईही हट्टाने सोबत आली. मॅडमनी उजवा खांदा पाहिला आणि डावा पुढे करायला सांगितला.

"तो दुखत नाही," रंगारी म्हणाला.

"म्हणूनच बघतेय." थोड्या वेळाने त्या हसल्या. "इथेही दोरी नाही. ती बसते ती हाडातली खाचसुद्धा नाही. तुटली असती तर खाच राहिली असती. आईच्या पोटात खांदा घडताना कुणाची दोरी दुहेरी होते, कुणाची बाजूला चिकटते, एखाद्याची होतच नाही. दुखतेय ती नुसती सूज. पंधरा दिवस आराम करा, मग खुशाल रंगवा."

बायकोने तिथूनच भावाला फोन लावला, "शिडी आणून ठेव."

आईचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे माझ्याच पोटात कमी पडलं म्हणायचं. पायरीसुद्धा जपून उतरायचे हो मी."

"यात कुणाची चूक नसते, आजी."

आईला ते पटेना. शेवटी मॅडमनी तिलाच टेबलावर बसवलं, दोन्ही खांद्यांवरून यंत्र फिरवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. "तुम्हालाही नाहीये."

आईने पडदा नीट न्याहाळला. मग पदर सावरत सुनेकडे वळली.

"बघ. माझ्याकडेच नव्हती, तर याला कुठून देणार होते?"