नारळ आणि मुलगी

विरूपाक्ष वीस वर्षं मालिकांमध्ये हवालदार होता. "साहेब, गाडी तयार आहे," एवढंच त्याचं वाक्य, तेही कधीकधी कापलं जाई. यंदा कुठे नशीब उघडलं आणि सुनेला छळणाऱ्या सासऱ्याची भूमिका मिळाली. गावी लातुरात भाजीवाली त्याला शिव्या देऊ लागली. तो मुद्दाम तिच्याकडूनच भाजी घेऊ लागला.

नेमकं याच वर्षी त्याच्या पोराचं, संगमेशचं, उदगीरच्या साक्षीशी जमायला आलं. पोरांची पसंती झाली होती. अडलं होतं ते साक्षीच्या आईच्या, दानम्माबाईंच्या, होकारावर. "बाबा मुंबईला कामाला असतेत," एवढंच संगमेशनं त्यांना सांगितलं होतं.

संध्याकाळी बापलेक उदगीरला पोचले. पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या दानम्माबाई विरूपाक्षला पाहून दारातच थांबल्या.

"तुमी शालिनीचे सासरे ना? टीव्हीतल्या?"

"हाव," विरूपाक्ष खुलून म्हणाला. बाई आता फोटो काढू म्हणतील, असं त्याला वाटलं. बाई आत आल्या, पण पुढे केलेली बशी त्यांनी मागे घेतली.

तो गडबडला आणि मुलाकडचे बोलतात तेच बोलून गेला. "आमाला काय बी नको बघा. नारळ अन् पोरगी द्या."

"लग्नाआधी शालिनीच्या बापाला बी हेच म्हणलाव. काल गाडी मागितलाव."

"ओ ताई, ते लिहून देतेत, मी नुसतं म्हणतो."

"अन् आता कुणी लिहून दिलं?"

विरूपाक्ष समजुतीनं हसला. मालिकेत असाच हसून तो सुनेचे दागिने काढून घेत असे. आईमागे उभ्या साक्षीचा हात गळ्यातल्या साखळीकडे गेला.

"बाबा, हसू नका," संगमेश रडवेला होऊन म्हणाला.

विरूपाक्षला फार वाईट वाटलं. आयुष्यात एकदाच चांगलं काम मिळालं, तेही पोराच्या मुळावर आलं.

"बरं, मग मागतोच," तो म्हणाला. दानम्माबाईंनी पदर खोचला. "लग्न होईस्तोवर ती मालिका बघू नका. दुसरं काय न्हाई."

टीव्हीतला सासरा असलं काही मागणारा नव्हता, हे बाईंच्या ध्यानात आलं. मग घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "शालिनीला कोंडून ठिवलाव तुमी. आज ती सुटती का न्हाई, मला कळाय नको? पोरगी घेऊन जावा. मालिका मातर मागू नका."

नारळ आला. टीव्हीही लागला. दानम्माबाईंनी पडद्यावरच्या व्याह्याला तोंडभरून शिव्या दिल्या आणि शेजारी बसलेल्या व्याह्यापुढे पोह्यांची भरलेली बशी ठेवली.