थोरल्यांचा संथ अल्बम

"अहो, त्याला बोलवू का?" चहाचा कप डॉक्टरांपुढे ठेवत बायकोने विचारले. कोणाला, असे डॉक्टरांनी विचारलेसुद्धा नाही. गेली सहा वर्षे त्या घरात 'तो' म्हणजे एकच माणूस होता, बायकोचा धाकटा भाऊ, शाळेत भूमिती शिकवणारा मास्तर.

टेबलावर सकाळीच आलेले चपटे, चौकोनी खोके पडले होते. त्यात डॉक्टरांच्या लाडक्या रॉक बँडचा दोन तबकड्यांचा नवा अल्बम होता. डॉक्टर ते मधूनमधून नुसते हाताने चाचपून बघत होते.

"बोलव की. मी कधी नको म्हटलं?"

"नको म्हणत नाही तुम्ही, पण हो तरी कुठे म्हणता? माझा सख्खा भाऊ खाली फुटपाथवर उभा राहून माझ्याशी बोलतो. मी बाल्कनीतून ओरडायचं, त्यानं खालून. अख्ख्या गल्लीला आमच्या आईचं ब्लडप्रेशर पाठ झालंय."

यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती. सहा वर्षांपूर्वी त्या बँडचा मागचा अल्बम आला होता, तेव्हा याच खोलीत डॉक्टर म्हणाले होते, "थोरल्यांनी आता थांबावं. आवाज गेलाय." थोरले म्हणजे बँडचे गायक. वय सत्तरीच्या घरात, केस कमरेपर्यंत, आणि गाणे असे की खिडकीच्या काचा थरथरतात. मेहुणा ताडकन उठला होता. "आवाज नाही गेला, भाऊजी. तुमचे कान गेलेत. दिवसभर दातांत ड्रिल घालून घालून!" एवढे बोलून त्याने चपला पायांत सरकवल्या आणि तो गेलाच. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. येईल दोन दिवसांनी, असे त्यांना वाटले होते.

खरे सांगायचे तर त्या सहा वर्षांत डॉक्टरांना मेहुण्याची आठवण बायकोहून जास्त आली असेल. कॉलेजात असताना ते त्या घरी जायचे ते मेहुण्याच्या कॅसेटी ऐकायला. आधी मेहुणा मिळाला, बायको नंतर. दोघे तेव्हा अरेतुरे करायचे. लग्न झाले आणि सासूबाईंनी मुलाला दटावले, "आता भाऊजी म्हणायचं, आणि अहोजाहो करायचं!" तेव्हापासून तो बिचारा 'तुम्ही' म्हणत होता. त्यानंतर डॉक्टरांनी कितीतरी लोकांबरोबर गाणी ऐकली, पण गिटार कुठे वळली ते त्या माणसासारखे कोणालाच कळत नसे.

"बोलव," डॉक्टर म्हणाले. "मी फोन केला असं मात्र सांगू नकोस."

"तुम्ही केलाच नाहीये," बायको म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली.

रविवारी दुपारी मेहुणा आला. केस कुळकुळीत काळे केलेले आणि अंगावर बँडचा जुना टी-शर्ट, पोटावर ताणलेला. मागोमाग बेकरीवाला आला. हा त्यांचा तिसरा गडी. पहाटेपासून भट्टीपाशी उभा असल्यामुळे दुपारी त्याला बसल्या जागी झोप लागायची. पण या बँडपुढे त्याची झोप टिकत नाही, अशी त्याची ख्याती होती.

"कसे आहात, भाऊजी?" मेहुणा भिंतीकडे बघत म्हणाला.

"बरा आहे," डॉक्टर रेकॉर्ड प्लेअरकडे बघत म्हणाले.

नव्या अल्बमचे पहिले ऐकणे म्हणजे या तिघांत एक सोहळा असे आणि त्याचे नियम कडक होते. कव्हर पंचाखाली झाकायचे. पडदे ओढायचे. वाचायचे चष्मे काढून खिशात ठेवायचे, म्हणजे गाण्याचे नावसुद्धा दिसायला नको. आधी अख्खा अल्बम ऐकायचा, मग वाचायचे. एका बैठकीला एकच तबकडी, आणि ती संपेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. डॉक्टरांनी चाचपडतच तबकडी बसवली आणि सुई टेकवली.

आणि काय सांगावे! दणदणाटाला सरसावून बसलेल्या तिघांच्या अंगावर एक खोल, जड, संथ सूर आला आणि पायांपासून वर चढू लागला. ढोल दूरवर कुठेतरी, चालून दमलेल्या माणसाच्या पावलांसारखा वाजत होता. गिटार रेंगाळत होती. मग थोरले गाऊ लागले. आवाज इतका खाली, इतका विसावलेला की तो आपल्याच छातीतून येतोय असे डॉक्टरांना वाटले. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती, तीसुद्धा त्याच तालावर. डॉक्टरांचे डोळे मिटले. त्यांना कॉलेजमागचा तलाव दिसला, कॅसेट अडकली की पेन्सिलीने ती फिरवणारा मेहुणा दिसला, आणि दाराआडून "आवाज कमी करा!" म्हणून ओरडणारी एक मुलगीही दिसली. ती मुलगी कोण, हे आठवायला त्यांना जरा वेळ लागला.

तबकडी संपली तरी कोणी हलले नाही. बेकरीवाला चक्क घोरत होता.

"भाऊजी," मेहुणा डोळे पुसत म्हणाला. "थोरल्यांनी वय मान्य केलं."

"मान्य केलं," डॉक्टर म्हणाले. त्यांचेही डोळे ओले झाले होते. "किंचाळणं सोडलं. केवढी हिंमत लागते रे याला!"

"तुम्ही म्हणालात तसे ते थांबले नाहीत. पण मी म्हणालो तसे रेटतही बसले नाहीत. आपण दोघंही बरोबर होतो."

बेकरीवाल्याला जाग आली. "तीस वर्षांत पहिल्यांदा या बँडनं मला झोपवलं," तो कृतकृत्य होऊन म्हणाला. यापेक्षा मोठी दाद दुसरी कोणती असणार? मेहुणा जेवायला थांबला. ताईच्या हातचे जेवताना तो दोनदा रडला, आणि तिसऱ्यांदा रडली ती ताई.

इथवर सगळे छान होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र मेहुणा बदलू लागला. आधी त्याने केस रंगवणे सोडले. मग तो हळू चालू लागला. "घाई कशाची?" असे म्हणून दोन वाक्यांच्या मध्ये तो इतका थांबायचा की समोरच्याला फोन कट झाला असे वाटावे. गुरुवारी त्याने ताईला शांतपणे सांगितले, "मी शाळा सोडतोय. सोमवारी राजीनामा देणार. थोरल्यांना वय मान्य करणं जमलं, मला का जमू नये?"

"अहो, शाळा सोडून हा काय करणार?" बायको घाबरून डॉक्टरांना म्हणाली. "फळ्यावर हातानं वर्तुळ काढून वळून पोरांकडे बघतो ना, तेव्हाचा त्याचा चेहरा बघितलाय तुम्ही? घरी बसला तर महिन्याभरात सुकून जाईल तो."

"अगं, परिपक्वता आहे ती," डॉक्टर म्हणाले. तेही आजकाल सावकाश बोलत होते.

शुक्रवारी दवाखान्याच्या खुर्चीत एक तरुण पेशंट होता. रोज धावायला जाणारा, आणि बाहीवर त्याच बँडचे चिन्ह. डॉक्टरांना कोण आनंद! त्याच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबून त्यांनी दाढ कोरायला घेतली आणि जिभेचा पट्टा सोडला. "ऐकला ना नवीन? काय संथपणा! काय शांती! असं वाटतं, संध्याकाळी तळ्याकाठी बसलोय."

"आं आं!" पेशंट म्हणाला.

"दुखतंय? झालंच. आणि आवाज केवढा खोल लावलाय."

"आं आं आं!" पेशंट दोन्ही हात हलवू लागला. डॉक्टरांनी त्याला चूळ भरायला सांगितली. बोळे थुंकताच तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही कुठला अल्बम ऐकलात? अहो, तो लावून मी धावतो आणि मलाच धाप लागते! इतका सुसाट अल्बम त्यांनी आजवर केला नव्हता." आणि त्याने फोनवर पहिलेच गाणे लावले.

तेच गाणे होते. सूर ओळखीचे होते, पण सगळे शेपटीला आग लागल्यासारखे पळत होते. थोरले किंचाळत होते. दाढ तशीच कोरलेली ठेवून डॉक्टर खाली बसले.

घरी येऊन त्यांनी वाचायचा चष्मा लावला आणि पंचा उचलला. कव्हरच्या कोपऱ्यात स्वच्छ लिहिले होते, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाने वाजवावी. मोठी तबकडी म्हणजे तेहेतीसचा वेग, हे तिघांच्या रक्तातच भिनलेले. प्लेअरवरच्या वेगाच्या खटक्याकडे बघायचे कोणाच्या मनातही आले नव्हते.

"अगं, घात झाला," त्यांनी बायकोला सगळे सांगितले. "हे त्याला कळलं तर तो म्हणेल, मला भाऊजींनी मूर्ख बनवलं. पुन्हा फुटपाथ!"

"आणि नाही सांगितलंत तर सोमवारी शाळा गेली त्याची. सांगा तुम्ही. मी ओरडेन बाल्कनीतून, सवय आहे मला." असे बायको म्हणाली खरी, पण पदराचे टोक तिने बोटाला गच्च गुंडाळले होते.

शनिवारभर डॉक्टर योग्य वेगाने अल्बम ऐकत बसले आणि एक भलतीच गोष्ट झाली. त्यांना तो आवडायला लागला. सत्तरीचा माणूस असा धावतोय, तोल जातोय, सावरतोय, पुन्हा धावतोय! थांबा असे आपण याला कोणत्या तोंडाने म्हणालो होतो, असे त्यांना वाटले.

रविवारी तिघे पुन्हा जमले. मेहुण्याचे केस कानांवर पांढरे झाले होते आणि जिना चढायला त्याने सवडीने वेळ घेतला होता. डॉक्टरांनी धीर करून बोलायला तोंड उघडले आणि घाबरून मिटले. दुसरी तबकडी योग्य वेगाने लावावी, ती त्याला आवडली की मग हळूच पहिलीचे सांगावे, असा विचार करून त्यांनी गुपचूप खटका सरकवला.

पहिल्याच ठोक्याला बेकरीवाला "धरणीकंप!" म्हणून उठून उभा राहिला. मेहुण्याने मात्र डोळे मिटून सगळी बाजू ऐकली. त्याच्या कपाळावर आठ्या वाढत गेल्या.

"छे!" तो शेवटी म्हणाला. "काय झालं याला? पहिल्या रेकॉर्डमध्ये शहाणा झालेला माणूस दुसरीत पुन्हा वेडा झाला! मागच्या वेळी तुमचं बरोबर होतं, भाऊजी. थांबायलाच पाहिजे यांनी."

डॉक्टरांनी खरे तर गप्प बसायचे. पण थोरल्यांना वेडा म्हटलेले त्यांना सोसेना. "वेडा? अरे, सत्तरीत असं पळून दाखव! वेडा तो नाही, वेडे आपण! पहिली रेकॉर्ड आपण चुकीच्या वेगानं ऐकली, गाढवासारखी. ती पण अशीच आहे, अशीच सुसाट!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मेहुण्याने पंचा उचलला, चष्मा लावला, वाचले आणि चष्मा काढला.

"म्हणजे बँड चुकला," तो म्हणाला.

"काय?"

"बँड चुकला! जे तेहेतीसवर इतकं सुंदर होतं ते यांनी पंचेचाळीसवर नासवलं!"

"नासवलं? तुझे कान गेलेत! फळ्यावर खडू घासून घासून!"

"माझे कान? माझे?" मेहुणा उठला. चपला शोधू लागला. बायको दारात येऊन उभी राहिली, चेहरा पांढराफटक. मेहुणा तिच्याकडे न बघता जिन्यात गेला. यावेळी डॉक्टर खुर्चीत बसून राहिले नाहीत. ते अनवाणीच मागे धावले.

"अरे, पळतोस कुठे? मुद्द्यावर बोल!"

"मुद्द्यावर? तूच बोल मुद्द्यावर!" खालच्या वळणावरून मेहुणा ओरडला. "पहिल्या रेकॉर्डचं दुसरं गाणं, मधली गिटार! संथ होती तेव्हा एकेक सूर दिसत होता की नाही? सांग! तुझ्या या वेगानं काय दिसणार? धूळ!"

तू म्हणाला! लग्नानंतर पहिल्यांदा तो तू म्हणाला. डॉक्टरांना त्याला मिठीच मारावीशी वाटली, पण हा मुद्दा सोडून चालणार नव्हते. "तुला दिसत नाही त्याला मी काय करू!"

"उद्या शाळा सुटली की येतो! दोन्ही रेकॉर्ड काढून ठेव. एकेक गाणं दोन्ही वेगांनी लावायचं, आणि मग बोलायचं!"

"ये ना! कोण भितंय?" डॉक्टर ओरडले, आणि कठड्याला धरून थबकले. "उद्या तर राजीनामा देणार होतास ना तू?"

मेहुणा दोन पायऱ्या वर आला. "राजीनामा देऊन घरी काय माशा मारू? मला तुझ्याशी भांडायचंय. राजीनामा गेला उडत!" आणि तो दणादणा पायऱ्या उतरून गेला.

बायको जिन्यात येऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. "गेला?"

"गेला. उद्या येतोय. भांडायला."

तिने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते डॉक्टरांना कळेना, म्हणून तेही शेजारी बसले. "तुम्ही माघार घेऊ नका हं," ती म्हणाली. "हे भांडण चांगलं वर्षभर पुरवा."

ते आत आले तेव्हा बेकरीवाला बूड टेकताच पुन्हा झोपला होता. तो खरेच झोपलाय ना, हे डॉक्टरांनी वाकून पाहिले. मग पडदे ओढले, पहिली तबकडी बसवली आणि खटका तेहेतीसवर आणला. तो खोल, जड सूर पुन्हा पायांपासून चढू लागला. डॉक्टरांनी डोळे मिटले.

"अहो, पण हे तर तो म्हणतो तसं..." बायको कुजबुजली.

"श्श!" डॉक्टर डोळे न उघडताच म्हणाले. "त्याला सांगू नकोस."